डोंगराकडून आलेली सर

ओढा तसा कुणाच्या खिजगणतीत नव्हता. डोंगराच्या कुशीतून निघायचा, चार शेतांना वळसा घालायचा आणि वस्तीला येऊन टेकायचा. सकाळी डोंगरावर गेलेली शेळी जेवणवेळेला घरी यावी, एवढीच काय ती त्याची धाव. उन्हाळ्यात कोरडा ठक्क. पावसाळ्यात एखाद्या दिवशी फुगून यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घोट्याएवढा. नदीला लोक भिऊन असतात, ओढ्याला कोण विचारतो? नदी आधी चार गावांना सांगून मग आपल्याकडे येते. ओढ्याला तेवढी रीतभात नसते.

या ओढ्यावर दगडी बंधारा होता. मधे गाळे ठेवलेले आणि त्या गाळ्यांत लाकडी फळ्या एकावर एक बसवायच्या. पाऊस ओसरू लागला की फळ्या घालून पाणी अडवायचं आणि मोठं पाणी येणारसं वाटलं की आकड्यानं ओढून त्या वर काढायच्या, म्हणजे पाणी गाळ्यांतून निघून जातं आणि बंधाऱ्याला धक्का लागत नाही. सांगायला सोपं. पण फळ्या काढल्या की अडवलेलं पाणी गेलंच. मागून नवं आलं नाही, तर खालच्या सगळ्या पिकांच्या तोंडाला पानं पुसली गेली. म्हणून केव्हा घालायच्या याला फार अक्कल लागत नव्हती. केव्हा काढायच्या, यातच सगळं होतं.

हे काम एकाच घरात चालत आलं होतं. आधी म्हातारे आबा करायचे, आता त्यांचा मुलगा. त्याला सगळे फळीवाला म्हणत. कामाबद्दल गावानं आबांना बंधाऱ्याच्या कडेची एक पट्टी कसायला दिली होती. पट्टी कसली, उघडा खडक. देणाऱ्याचं काही गेलं नाही आणि घेणाऱ्याला काही मिळालं नाही, असा तो व्यवहार. पण उन्हाळ्यात बंधारा आटला की तळाशी काळाभोर गाळ उरायचा. फळीवाल्याची बायको लग्न होऊन आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात सासूच्या मागोमाग डोक्यावर टोपलं घेऊन त्या गाळात उतरली. टोपलं भरायचं, कड चढायची, खडकावर रिकामं करायचं, परत उतरायचं. पुढं सासू गेली, पण टोपली काही थांबली नाहीत. चुंबळीखाली सुनेच्या टाळूवरचे केस झिजले, मानेत कळ बसली ती बसलीच. पण खडकावर आधी वीतभर माती आली, मग हातभर. आता तिथं वांगी होत, घेवडा होई, कांद्याचं रोप टाकलं तर आसपासच्या गावांतून लोक न्यायला येत. घरात एवढी एकच जमीन, आणि ती तिच्या डोक्यावरून आलेली. त्या पट्टीवाचून घर म्हणजे तीन माणसांची तीन तोंडं आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी.

गेल्या वर्षी एक घोटाळा झाला होता. फळ्या घालून झाल्या होत्या, बंधारा काठोकाठ, आणि ऊन असं की ढेकळं हातात घेतली तर चटका बसावा. अशात एका दुपारी ढग फुटला. विजा काय, वारा काय, पत्र्यावर तर कुणी दगड ओततंय असं वाटावं. फळीवाला धावत सुटला आणि एकट्यानं सगळ्या फळ्या वर काढल्या. पाऊस जसा आला तसा गेला. तापलेल्या, भेगाळलेल्या जमिनीनं तो घटाघटा पिऊन टाकला. ओढ्याला आलं ते गढूळ पाणी, पिंढरीएवढं. बंधारा मात्र रिकामा. त्यानंतर आभाळानं जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. खालची पिकं करपली. गावाच्या बैठकीत त्याला मधोमध उभं केलं. कुणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. खालच्या मळ्याचे तात्या फक्त एवढंच म्हणाले, "अरे, भांड्यात पाणी असलं की तुला ओतल्याशिवाय राहवत नाही का रे?" लोक हसले. त्या दिवसापासून फळीवाल्याचा 'ओत्या' झाला. मारलेलं माणूस विसरतं, पण ठेवलेलं नाव गाव विसरत नाही.

नवऱ्याला ओत्या म्हटलेलं त्याच्यापेक्षा बायकोला जास्त लागे. तो बापडा मान खाली घालून निघून जाई. तिला रोज पाणवठ्यावर उभं राहायचं असे.

यंदा फळ्या घातल्या, बंधारा भरला आणि भुरभुर सुरू झाली. पाऊस म्हणावा तर तो नव्हता. छत्री घेतली तर लोक हसतील आणि नाही घेतली तर पदर भिजेल, असा. ना वीज, ना गडगडाट. सकाळी भुरभुर, दुपारी भुरभुर, रात्री पत्र्यावरून थेंब थेंब. घराच्या भिंतींना ओल चढली. मिठाचं पाणी झालं. काडेपेटीतल्या काड्या गुल उडवून मोकळ्या होत. वाळत घातलेल्या लुगड्याला कुबट वास येई आणि तेच अंगावर घ्यावं लागे. आबा खाटेवर बसून खोकत आणि दर खोकल्यानंतर म्हणत, "हा काय पाऊस आहे? नुसता शिडकावा."

पाणवठ्यावर बायकांचं तोंड सुरू असे.

"काय गं, तुझा ओत्या झोपतो ना रात्री? की आकडा उशाला घेऊन बसतो?"

"अगं, दव पडलं तरी फळ्या काढेल तो."

"त्याला म्हणावं, घरातला रांजण आधी ओत, हौस फिटेल."

ती हसल्यासारखं करी. हंडा भरून डोक्यावर घेई आणि पाय चिखलातून ओढत घरी येई. रस्त्यातली पावलं क्षणात पाण्यानं भरत. तिला त्याचं काही वाटलं नाही. पट्टीवर तण उपटायला बसली, तर मूळ निघालेल्या भोकात पाणी वर येई. वरच्या माळावर, जिथं एरवी ओतलेला तांब्या दिसत नाही, तिथंसुद्धा गवताच्या बुडाशी पाणी चमकत होतं. शेजारच्या माणसानं गोठ्यासाठी खड्डा खणला, तर डांब उभा करायच्या आधी तो भरला. सगळ्यांनी बघितलं. जमिनीचं पोट भरलंय, आता तिला घोटभरही जायचं नाही, हे नजरेसमोर होतं. पण शिडकाव्याला कोण भितं?

त्या दिवशी सकाळी भुरभुर थांबली होती. वस्तीवर चक्क कवडसे पडले होते. तिनं ओली चिरगुटं दोरीवर टाकली, चूल पेटवली, धूर डोळ्यांत गेला म्हणून बाहेर येऊन उभी राहिली, तर नवरा अंगणात डोंगराकडे बघत उभा. डोंगर दिसत नव्हता. त्याच्या जागी काळं काही तरी उभं होतं, वरपासून खालपर्यंत एकसारखं. वारा तिकडून इकडे येत होता.

"उलटा आहे आज," तो म्हणाला.

"काय उलटा?"

"वारा. रोज आपल्याकडून डोंगराकडे जातो. पाऊसही तसाच जातो. आज तिकडून येतोय."

आत आबांनी ऐकलं. त्यांना नको ते ऐकू यायचं आणि हवं ते नाही. "काय झालं रे?"

"डोंगरावर पडतोय, आबा."

"पडू दे. आपल्यावर कुठं पडतोय?" आबा म्हणाले. "आपल्या पत्र्यावर येऊन थांबला की मग निघायचं. मी जन्मभर तेच केलं. भिजल्या फळ्यांवर पावसात चढायला तू काय माकड आहेस?"

घराची रीत तीच होती आणि ती काही खोटी नव्हती. इथला पाऊस नेहमी खालून वर जायचा. आधी वस्तीवर पडायचा, इथलं पाणी वाहून जायचं, मग सर डोंगराला लागायची. पत्र्यावरचा आवाज बंद झाला की डोंगराचं पाणी यायला अजून अवकाश असे. चहा घेऊन, तंबाखू मळून, सावकाश बंधाऱ्यावर जावं, फळ्या काढाव्यात आणि काठावर बसून पाणी येताना बघावं. आबांना घाई कधी करावीच लागली नव्हती.

फळीवाल्यानं तरी आकडा खांद्यावर घेतला. दोर कमरेला गुंडाळला. ती त्याच्या आडवी आली.

"कुठं?"

"जरा जाऊन बसतो बंधाऱ्यावर."

"बसणार नाही तुम्ही. काढाल."

"वरचा एकेक थर काढून ठेवतो, बाकी तसंच."

"आणि आला नाही पाऊस तर? इथं ऊन पडलंय. लोक बघतायत. उन्हात फळ्या काढल्या म्हणून सांगतील." तिचा आवाज चढला. तिला तो खाली घ्यायचा होता, पण जमेना. "तुम्ही मान खाली घालून जाता निघून. मला उभं राहावं लागतं तिथं. पोरीबाळी तोंडावर बोलतात मला. यंदा पाणी सोडलंत, तर मी त्या पाणवठ्यावर पाय ठेवणार नाही, सांगून ठेवते. तुम्ही आणा मग पाणी डोक्यावरून."

त्यानं डोंगराकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं.

"आबा म्हणतायत ना," ती म्हणाली. "आपल्यावर येऊन थांबला की जा. कोण नको म्हणतंय?"

दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं. याचं तर ताकानंच तोंड पोळलं होतं. त्यानं आकडा भिंतीला टेकवला, उंबऱ्यावर बसला. तिनं त्याला चहा दिला. त्यानं तो प्यायला.

पाऊस खाली उतरत आला. आधी वरचा माळ गेला, मग चढावरची झाडं गेली, मग शेजारचं छप्पर. तिनं चिरगुटं ओढून आत घेतली तोवर पत्र्यावर आला. जोराचा होता, पण मागच्या वर्षीसारखा नव्हे. बोललेलं ऐकू येत होतं. आबा म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं? एवढाच." अंगणातलं पाणी मात्र मुरेना. जेवढं पडत होतं तेवढं सगळं निघून चाललं होतं, उतारावरून सरळ ओढ्याकडे. कोंबड्यांचं डालगं तरंगून दाराशी आलं. ते उचलायला ती वाकली.

तेव्हा नवरा उठला. त्याला काय ऐकू आलं ते तिला कळलं नाही. तिला आधी वाटलं, दूर कुठं तरी रस्त्यावरून जड गाडी चाललीय. तो आकडा घेऊन पळाला. तीही डालगं टाकून मागं पळाली. पाऊस अजून थांबला नव्हता.

डोंगराचं पाणी खाली यायला निघालं होतं आणि पाऊस त्याच्याच सोबतीनं, त्याच्याच वाटेनं चालत आला होता. वाटेवरच्या प्रत्येक उतारानं, प्रत्येक बांधानं आपापलं पाणी त्यात ओतलं होतं, आणि वस्तीचं पाणी वस्तीशीच येऊन मिळालं होतं. एरवी एकामागून एक येणारं सगळं त्या दिवशी एकदम आलं. तिनं बंधारा बघितला तेव्हा तो दिसतच नव्हता. त्याच्या जागी तांबड्या पाण्याची एक गुळगुळीत घडी होती आणि तिच्यावरून मुळासकट झुडपं येत होती.

फळीवाला बंधाऱ्याच्या माथ्यावर गुडघाभर पाण्यात उभा होता. दोराचं एक टोक त्यानं काठच्या झाडाला बांधलं होतं. आकडा खाली घालून तो ओढत होता. पाण्याचा रेटा असला की फळी खाचेत चिणून बसते, बैल लावले तरी हलत नाही. त्यानं तोंड वर करून ओढलं, पाठ वाकवून ओढलं. त्याच्या मानेच्या शिरा तिला काठावरून दिसल्या. एक फळी निघाली, ती आकड्यासकट हातातून गेली. तो रिकाम्या हातांनी तिथंच उभा राहिला.

"या मागं!" ती ओरडली. "अहो, या मागं!"

पाणी कडेला वळलं होतं. गाळ्यांतून वाट नाही, माथ्यावरून पुरत नाही, मग त्यानं कड धरली. आधी काठच्या गवतावरून एक पातळ चादर आली आणि पट्टीवर पसरली. कांद्याचं रोप त्यात आडवं झालं. तिला वाटलं, एवढंच असेल तर रोप पुन्हा उभं करता येईल. मग पट्टीच्या वरच्या अंगाला जमीन बसली. भाकरीचा तुकडा चहात पडल्यावर बसतो तशी. वांग्यांची ओळ उभीच्या उभी सरकली, थोडा वेळ उभ्यानंच पाण्यातून गेली आणि वळणाशी आडवी झाली. त्यामागून माती गेली. काळी माती तांबड्या पाण्यात वेगळी दिसत होती, तिचे मोठमोठे तुकडे पडत होते आणि विरत होते. ती काठावर उभी राहून बघत होती. हातात काही नव्हतं. हातात काही असतं तरी काय केलं असतं?

पाऊस थांबला. आबांच्या हिशेबानं आता निघायची वेळ झाली होती.

संध्याकाळी ओढा पुन्हा मांडीएवढा झाला. पट्टीच्या जागी खडक होता. धुतलेला, स्वच्छ. तिनं तो असा कधी बघितलाच नव्हता. ती आली तेव्हाही सासूनं त्यावर थोडी माती टाकलेली होती.

पुढचे दिवस तिनं सगळी कामं केली. चूल सारवली, आबांना काढा दिला, नवऱ्याच्या तळहातांवर दोरानं सोललं होतं तिथं तेल-हळद लावली. तो हात पुढं करी, ती लावी. त्या दिवसाबद्दल तो एक शब्द बोलला नाही. तिनं आडवं येऊन त्याला थांबवलं, हे घरात तिघांनाच ठाऊक होतं आणि तिघांनीही अळीमिळी गुपचिळी धरली होती. तो ओरडला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटे. मग तेही वाटेनासं झालं. बायका भेटायला आल्या, म्हणाल्या, "रड गं एकदा, मोकळी हो." तिनं प्रयत्न करून बघितला. रडू येत नव्हतं. छातीत जिथं काही तरी व्हायला हवं होतं तिथं काही होत नव्हतं, झोपेत दबून बधिर झालेल्या हातासारखं. त्याची तिला थोडी भीती वाटली. मग पाणी तापलं म्हणून ती उठून गेली.

गाव मात्र बदललं. कुणी फळीवाल्याला बोल लावला नाही. "असल्या पाण्यापुढं कोण काय करणार?" असं सगळे म्हणाले. दोराला धरून तो माथ्यावर उभा होता हे चौघांनी बघितलं होतं, त्याचं चाळीसजणांनी वर्णन केलं. कड फुटली तिथं पोती लावून झाली. भिजलेल्या जमिनीतून ओढा वाहतच होता, बंधारा पुन्हा भरला. खालच्या पिकांना यंदा पाणी होतं. पाणवठ्यावर तिला आता कुणी बोलत नसे. तिचा हंडा आला की बायका जागा करून देत. ओत्या हे नाव कुठं गेलं ते कळलंसुद्धा नाही. हेच हवं होतं तिला. आता मिळालं होतं.

माती कुठं गेली, तेही लपून राहिलं नाही. ओढा वळतो तिथं पाणी सुस्तावतं, हातातलं खाली ठेवतं. त्या वळणाच्या आत तात्यांचा मळा. त्यांच्या खालच्या वावरात, जिथं कायम गोटे वर यायचे, तिथं आता काळ्या मातीचा थर पडला होता. गुरं चारायला गेलेली माणसं मुद्दाम वाकडी वाट करून बघून येत.

आबा म्हणाले, "आयत्या बिळावर नागोबा झालाय तो. जा, बोल त्याच्याशी."

फळीवाला गेला. तीही मागून गेली, चार पावलं अंतर ठेवून. तात्या माणूस वाईट नव्हते. त्यांनी दोघांना ओट्यावर बसवलं, चहा सांगितला.

"तात्या, माती..." फळीवाला म्हणाला आणि थांबला.

"हो रे, बघितली. मला तरी कुठं हवी होती? पाईप गाडला गेला माझा त्यात."

"थोडी परत नेली असती. गाडी मिळाली तर."

तात्यांनी कपातला चहा बशीत ओतला. "कुठली माती तुझी आणि कुठली माझी, कसं ओळखायचं? डोंगराची आहे, वरच्या शेतांची आहे, आणखी कुणाकुणाची आहे. उद्या वरचे सगळे आले टोपली घेऊन, तर मी कुणाकुणाला वाटू? माती काय दावणीचं जनावर आहे का, सुटून आलं तर परत बांधून द्यायला?"

फळीवाल्यानं कप खाली ठेवला. तिला ओळखता येत होती. ओट्यावरून दिसत होती तिला ती, उन्हात भेगा पडत चाललेली. तिनं तोंड उघडलं, पण मग ती सगळी गोष्ट उघडी झाली असती, वारा उलटा होता इथपासून, आकडा कुणी खाली ठेवायला लावला इथपर्यंत. तिनं चहा संपवला.

"तू दमानं घे," तात्या उठता उठता म्हणाले. "यंदा पाणी सोडलं नाहीस, ते फार चांगलं केलंस. गाव नाव काढतंय तुझं. आणि हे बघ, तो थर पसरायचा आहे मला, एका जागी ढीग झालाय. बायका लागतील. तुझ्या घरचीला पाठव. मातीतलं तिला कळतं."

वाटेत नवरा म्हणाला, "नाही गेलीस तरी चालेल."

"मग खायचं काय?" ती म्हणाली.

ती गेली. बायकांची रांग लागली होती. फावड्यानं ढीग फोडायचा, टोपलं भरायचं, गोटे दिसत होते तिथं नेऊन ओतायचं, पायानं दाबून सारखं करायचं. माती अजून आत ओलसर होती. हातात घेतल्याबरोबर तिला वजन कळलं. चुंबळ ठेवायला हात वर गेला आणि मान आपोआप बसायची तशी बसली. सगळं ओळखीचं होतं, फक्त उताराला चाललं होतं. चढण नव्हती, त्यामुळं काम भराभर होत होतं. बाजूच्या बाईनं विचारलं, "एवढं हलकं टोपलं भरतेस होय?" तर तिनं पुढचं जास्त भरलं.

मातीत मधेच एखादं वांग्याचं रोप निघे, चेपलेलं, पानं कुजलेली. बायका ते बांधावर फेकत. तिनंही फेकलं. दुपारी सावलीत भाकरी खाताना कुणी तरी म्हणालं, "तात्यांचं नशीब बघा. बसल्या जागी मळा झाला." सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. "पाणी द्या इकडे," ती म्हणाली. कुणी तरी लगेच तांब्या पुढं केला.

उन्हं कलली तोवर वावर एकसारखं झालं होतं. गोटे दिसेनासे झाले. तात्यांची बायको, सगळ्यांची काकी, बांधावर येऊन उभी राहिली. तिनं कौतुकानं सगळीकडे नजर फिरवली. खरोखर चांगलं झालं होतं काम. पुढच्या वर्षी इथं काय लावायचं ते काकी मोठ्यानं ठरवू लागली. बायका टोपली झटकून एकात एक घालत होत्या. सगळ्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत काळे झाले होते.

"पाटावर पाय धुऊन जा गं सगळ्याजणी," काकी हसत म्हणाली. "नाहीतर निम्मी माती घरी न्याल आमची."

सगळ्या हसल्या. काकीच्या मनात काही नव्हतं, दर वेळी ती असंच म्हणायची. तीही हसली.

मग ती पाटाच्या कडेला बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाय पाण्यात सोडले आणि आधी पोटऱ्या धुतल्या. टाचांच्या भेगांत माती बसली होती, ती दगडानं घासून काढली. इतक्या दिवसांच्या चिखलानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. पाणी लागलं तशा त्या चरचरल्या, डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि तिला कळलं की आता रडू येतंय. इथं नको, असं ती मनाशी म्हणाली. तिनं एकेक बोट वेगळं करून बेचकी धुतली. नखांतली माती काडीनं काढली. पाटातलं पाणी काळं झालं, पुढच्या वाफ्यात गेलं, मागून नितळ आलं.

"अगं, पुरे की," काकी म्हणाली. "लग्नाला निघालीस का?"

तिनं दोन्ही पाय पाण्यातून वर उचलले आणि काकीला दिसतील असे धरले.

"बघा काकी, राहिली का कुठं?"

"नाही गं बाई," काकी म्हणाली. "जा आता."